लेव्हलकाकांची बेरीज

लेव्हलकाका कुणाच्या घरी गेले की चहाच्या आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचे. यजमान कानकोंडे व्हायचे, काकू कपाळाला हात लावायच्या, आणि काका मात्र खिशातली वीतभर पाणसळ काढून तिच्यातला बुडबुडा मधोमध आल्याशिवाय खुर्चीला पाठ टेकायचे नाहीत. सगळी हयात लोकांच्या घरात फरश्या बसवण्यात गेलेली. दारात उभं राहून नुसती नजर फिरवायची आणि खोलीला किती फरश्या लागतील ते तुटफुटीसकट सांगून मोकळं व्हायचं, ही त्यांची ख्याती. ती ख्याती आपल्याइतकी दुसऱ्या कुणीच पसरवली नाही, हेही ते स्वतःच सांगत.

मग मेंदूत रक्ताची एक बारीकशी गुठळी झाली. हातपाय वाचले, बोलणंही वाचलं. बोलणं वाचलं हे घरच्यांचं दुर्दैव, असं काका म्हणत. नंतर तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. काकांना हसू आलं. हा काय प्रश्न झाला? “त्र्याण्णव,” ते ऐटीत म्हणाले. “चौऱ्याऐंशी.” डॉक्टरांनी मान न उचलता काहीतरी लिहिलं. शेजारी बसलेल्या काकूंनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. निघताना डॉक्टर दाराशी काकूंना हळूच म्हणाले, “यांना ताण देऊ नका. वाद तर अजिबात नको.” गुठळीने कानाला धक्का लावला नव्हता, त्यामुळे काकांना ते स्वच्छ ऐकू आलं.

त्या दिवसापासून घरातलं भांडण बंद झालं. लग्न झाल्यापासून ज्या बाईने त्यांचं एकही म्हणणं मुकाट्याने मान्य केलं नव्हतं, ती आता ऊठसूट “बरोबर आहे तुमचं” म्हणू लागली. अगदी मागच्या गॅलरीच्या बाबतीतसुद्धा! गॅलरीत कपडे धुण्याचं मशीन होतं आणि तिथली फरशी काकांनी स्वतःच्या हाताने बसवलेली होती. तिचा उतार सांडपाण्याच्या जाळीकडे न जाता स्वयंपाकघराच्या दाराकडे आलाय, हे काकूंचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं. उतार बरोबर आहे, मशीनच जास्त पाणी सोडतं, हे काकांचं उत्तर. भांडण इतकं मुरलेलं की दोघांनाही एकमेकांची वाक्यं पाठ होती. आता मशीन लागलं की काकू उंबऱ्यात जुना टॉवेल घडी करून ठेवायच्या, भिजला की पिळायच्या, आणि तोंडातून अवाक्षर काढायच्या नाहीत. काकांना तो टॉवेल बघवत नसे.

एका सकाळी त्यांनी मुद्दाम खडा टाकून पाहिला. नाश्ता करता करता म्हणाले, “लांबीला सात, रुंदीला आठ. सात आठे चोपन्न. चोपन्न फरश्या लागतील बघ.”

“हो ना,” काकू म्हणाल्या आणि ब्रेडला लोणी लावत राहिल्या.

काकांनी हातातला घास खाली ठेवला. आपलं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे आता या घरात विचारायचं कुणाला? चुकलं तर कुणी सांगणार नाही, आणि बरोबर आलं तरी त्यावर विश्वास कसा ठेवायचा? त्यांना भीती वाटली. चेष्टामस्करीत घालवता येईल अशी ती भीती नव्हती.

विचारायला उरली ती लेक. आगगाड्यांचे सिग्नल चालवणारे प्रोग्राम चुकूच शकत नाहीत, हे तर्काने सिद्ध करून दाखवण्याची तिला नोकरी होती. ही कसली नोकरी, असं काका आजवर म्हणत आले होते. त्या आठवड्यात ती घरी आली तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेतलं. “मला कुणीतरी असा गाठून दे,” ते म्हणाले, “जो माझं चुकलं तर मला सोडणार नाही.”

लेक हसली नाही. तिने आपला जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यात पुरावे तपासणारा एक प्रोग्राम चालू केला. या प्रोग्रामला काही म्हणजे काही येत नव्हतं. शून्य नावाची एक संख्या आहे, आणि प्रत्येक संख्येला तिच्या पुढची संख्या असते, एवढं त्याला सांगितलेलं. बेरजेचे नियम दोनच. कुठल्याही संख्येत शून्य मिळवलं तर ती तशीच राहते. आणि मिळवायची संख्या एकने पुढे सरकवली तर बेरीजही एकने पुढे सरकते. बाकी सगळं आपण पायरी पायरीने पटवायचं. पटलं तर हिरवी खूण, नाही तर लाल रेघ.

“याला दया वगैरे येते का?” काकांनी विचारलं.

“याला काहीच येत नाही, बाबा.”

काम ठरलं ते असं: दोन संख्या कुठल्याही क्रमाने मिळवल्या तरी बेरीज तीच येते, हे सिद्ध करायचं. “एवढंच?” काका म्हणाले. “चहा निवायच्या आत करतो.” तो चहा निवला. त्यानंतरचे कितीतरी निवले.

दोन अधिक दोन बरोबर चार, हे तपासनिसाने पहिल्या फटक्यात मान्य केलं. काकांची छाती फुगली. कुठल्याही संख्येत शून्य मिळवलं तर तीच संख्या, हेही मान्य. मग त्यांनी उगीच आपलं जाता जाता लिहिलं की शून्यात कुठलीही संख्या मिळवली तरी तीच संख्या. लाल रेघ! काकांनी चष्मा पुसला. पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा लाल. “अरे, रिकाम्या खोलीत जेवढ्या फरश्या आणल्या तेवढ्याच असणार ना!” ते लॅपटॉपवर ओरडले. “त्यात सिद्ध काय करायचंय, गाढवा?”

“बरोबर आहे तुमचं,” आतून काकू म्हणाल्या.

शेवटी नाक मुठीत धरून त्यांनी लेकीला फोन केला. “बाबा, त्याला नियम एकाच बाजूचा दिलाय,” ती म्हणाली. “दुसरी बाजू आपण कमवायची. आधी शून्यासाठी खरं आहे असं दाखवा. मग एखाद्या संख्येसाठी खरं असेल तर तिच्या पुढचीसाठीही खरं आहे, असं दाखवा. की झालं सगळ्यांसाठी.”

काकांनी पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. “म्हणजे पहिली फरशी ताणलेल्या दोरीला लावायची,” ते म्हणाले, “आणि पुढची प्रत्येक मागचीला धरून?”

“तेच.”

“मग हे आधी नाही का सांगायचं? मी जन्मभर हेच करतोय!”

“जन्मभर करताय म्हणून तर वाटलं, तुम्हाला सुचेल.”

फोन ठेवून काका पुन्हा लॅपटॉपपुढे बसले. संध्याकाळपर्यंत हिरवी खूण आली, आणि मग त्यांना सूर सापडला. काही दिवसांनी त्यांनी “झालं! सिद्ध झालं!” अशी आरोळी ठोकली. काकू “छान” म्हणाल्या. सुट्टीच्या दिवशी लेक आली, तिने पडद्यावर नजर टाकली आणि विचारलं, “बाबा, ही पिवळी रेघ कसली?”

“ती होय? किरकोळ आहे. दारामागचा तुकडा.”

लेकीला दारामागचा तुकडा म्हणजे काय ते चांगलंच माहीत होतं. प्रत्येक खोलीत दारामागच्या कोपऱ्यात एक वेडावाकडा तुकडा कापून बसवावा लागतो, आणि काका तो “नंतर बघू” म्हणून ठेवून द्यायचे. दार बहुतेक उघडंच असतं, त्यामुळे कोपरा दिसत नाही. किती घरांत तो अजून नंतरवर आहे, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. या प्रोग्राममध्येही “हे नंतर बघू” अशा अर्थाचा एक शब्द होता; तो लिहिला की लाल रेघ यायची नाही, नुसती पिवळी यायची. एवढ्या कडक तपासनिसाकडचा हा एकुलता एक ढिला शब्द काकांनी पहिल्याच आठवड्यात हुडकून काढला होता. त्यांनी नंतरवर ठेवलेला भाग असा: डावीकडची संख्या एकने पुढे सरकवली तरी बेरीज एकनेच पुढे सरकते.

“तुमचा सगळा पुरावा या तुकड्यावर उभा आहे,” लेक म्हणाली.

काका ओशाळले. स्वतःचंच त्यांना हसूही आलं. ज्याची परीक्षा द्यायला बसलो त्याच्याच डोळ्यांत धूळ फेकली, आणि वर बायकोने छान म्हटलं तर ते खरं मानलं!

पुन्हा बसले. या वेळी तुकडा कापूनच बसवायचा होता. त्यांनी डाव्या संख्येला धरून वाट काढायचा प्रयत्न केला, तर लाल. उलट्या बाजूने केला, तर भलतीकडेच पोहोचले आणि लाल. पण एक गोष्ट त्यांच्या हळूहळू ध्यानात आली. रेघ लाल झाली की थोड्या वेळाने ती का झाली, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं. धरायला हवी होती उजवी संख्या. एका दुपारी ती धरून ते एकेक पायरी चढत गेले, आणि पडद्यावर नुसतं हिरवं उरलं. पिवळं कुठेही नव्हतं. काकांचे डोळे भरून आले. एवढ्याशा बेरजेसाठी रडणारा आपल्याएवढा मूर्ख दुसरा नसेल, असं मनात म्हणत ते लॅपटॉप छातीशी धरून आत गेले.

काकू गॅलरीच्या दारात वाकून टॉवेल पिळत होत्या.

“झालं,” काका म्हणाले. “दारामागच्या तुकड्यासकट झालं.”

“छान.”

“छान म्हणू नकोस!” त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “सात आठे चोपन्न म्हटलं तरी तू हो म्हणालीस. हे यंत्र मला दिवसरात्र चूक म्हणतंय, त्याने मला काही झालं नाही. तू गप्प बसतेस ना, त्याने माझा जीव जातो गं. चुकलं तर चुकलं म्हण.”

काकू सरळ उभ्या राहिल्या. टॉवेलातून पाणी गळत होतं.

“छप्पन्न,” त्या म्हणाल्या. “सात आठे छप्पन्न. जीभ चावून बसले होते मी त्या दिवशी.”

“आणि?”

“आणि हा उतार चुकलाय. पहिल्या दिवसापासून चुकलाय. आणि तेव्हा तुमचं डोकं अगदी ठणठणीत होतं!”

काकांना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की त्यांना काय करावं ते सुचेना. म्हणून ते चिडले. “उतार बरोबर आहे! मशीन जास्त पाणी सोडतं!”

“मशीन बंद आहे.”

“मग सिद्ध कर.”

काकूंनी नळाखाली ग्लास भरला आणि गॅलरीच्या बरोब्बर मध्यावर ओतला. दोघंही वाकून बघू लागले. पाणी जरासं पसरलं, थबकलं, मग जाळीकडे पाठ करून स्वयंपाकघराच्या दाराकडे निघालं आणि काकांच्या चपलांपाशी आलं. काकांनी पाय मागे घेतले नाहीत.

“बघा,” काकू म्हणाल्या.

“एका ग्लासाने काही सिद्ध होत नसतं,” काका म्हणाले. “पुढचा ओत.”