मोहाचं हाफ तिकीट

सकाळी घंटागाडी आली की आमच्या लेआउटमधली माणसं कचरा टाकायला बाहेर येत, आणि सोमाजी मडावी कचरा काढायला. गाडी कोपऱ्यावर वळली की खांद्यावर दुपट्टा, हातात सिमेंटची रिकामी चुंगडी घेऊन हे गृहस्थ तिच्या मागच्या फळीशी हजर. दुधाच्या पिशव्या, खरकटं, फाटक्या चपला बाजूला सारायच्या आणि कडुनिंबाचा, बदामाचा, सागाचा वाळका पाला तेवढा चुंगडीत भरायचा. गाडीचा ड्रायव्हर पहिल्या दिवशी वैतागला. काय करून राह्यले, म्हणून त्यानं विचारलं, तर सोमाजीभाऊ शांतपणे म्हणाले, "हा पाला बिना टिकटीचा बसला ना गाडीत. खाली उतरवून राह्यलो."

हे बोलणं उगाच नव्हतं. उभा जन्म त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली होती, तीही बहुतेक अहेरी ते चंद्रपूर याच रस्त्यावर. निवृत्त होऊन चंद्रपूरच्या कडेला आमच्या शेजारी छोटं घर बांधलं, तरी कंडक्टर काही अंगातून उतरला नव्हता. हात सारखा कमरेकडे जाई, जिथे वर्षानुवर्षं चामडी बॅग होती. लग्नाची पंगत असो की दवाखान्यातली रांग, मागून यांचा आवाज येणारच, "सरका जी, थोडी जागा करा." आणि माणसं सरकतही. त्या आवाजात काहीतरी होतं खरं. मी बँकेत अधिकारी आहे, दिवसभर लोकांना सूचना देते, माझं कोणी ऐकत नाही.

त्यात मी लेआउटच्या रहिवासी समितीची सचिव. सचिव म्हणजे जिच्या दारात येऊन सगळे बोंबलतात ती बाई. पाणी नाही, दिवा लागत नाही, कुत्री भुंकतात, आणि सगळ्यात जास्त तक्रार सोमाजी मडावींच्या मागच्या अंगणात साचलेल्या पाल्याची. साप निघतील, मच्छर होतील, वास येतो. त्या पाल्यामागची गोष्ट मला ठाऊक होती, कारण तिच्यात मी होते.

आमचा लेआउट जिथे आहे तिथे पूर्वी जंगलाची कड होती. साग, धावडा, तेंदू, मधेमधे धानाचे बांध. बिल्डरच्या जेसीबीनं वरची माती खरवडून नेली, तिच्यावर मुरूम पसरला आणि रोलर फिरवला, की झाले प्लॉट तयार. एवढ्या झाडांत एक मोहाचं तेवढं राहिलं. ते ओपन स्पेसमध्ये येत होतं, आणि मजुरांपैकी कोणी त्याला कुऱ्हाड लावायला तयार होईना, असं म्हणतात. मडावींनी इथे प्लॉट घेतला तो या मोहामुळे. त्यांच्या बायकोला, चिन्नाबाईंना, अहेरीकडचं गाव सोडून शहरात यायचंच नव्हतं. प्लॉट बघायला आणलं तेव्हा त्या घराच्या जागेकडे ढुंकूनही न बघता मोहाखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे झाड हाये तं मंग राहू. त्यांच्या आदिवासी लोकांत मोह म्हणजे नुसतं झाड नव्हे. लग्नापासून मरणापर्यंत सगळीकडे तो लागतो.

मग आमच्याकडे गट्टू आले. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या फरशीला इकडे गट्टू म्हणतात, आणि ज्या लेआउटमध्ये गट्टू नाहीत तो लेआउट मागासलेला, असं सगळ्यांचं ठाम मत आहे. माझंही होतं. चिखल नको, काटे नकोत, दुर्गेचा मांडव टाकायला सपाट जागा हवी. ओपन स्पेसमध्ये गट्टू बसवायचे ठरले तेव्हा मोहाभोवती मातीची जागा ठेवू या, असं ठेकेदारच म्हणाला होता. बैठकीत उठून उभे राहिले ते सोमाजीभाऊ. जागा कशाला सोडता, पार बुडापर्यंत घ्या, म्हणाले.

त्यांचा हिशेब साधा होता. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि बायकांना ती काटक्याकुटक्यांतून, पाल्यातून एकेक वेचावी लागतात. गट्टू म्हणजे आयतं सारवलेलं अंगण. चिन्नाबाईंचे गुडघे दुखत होते, त्यांना बसल्या जागी फुलं गोळा करता येतील. बायकोसाठी कोणी असं काही मागतं आहे, याचं बैठकीतल्या बायांना कौतुक वाटलं. मीही लगेच मंजुरी दिली.

पहिल्या उन्हाळ्यात खरंच तसं झालं. पहाटे पिवळसर फुलांचा सडा त्या गट्टूंवर ताटात वाढल्यासारखा पडलेला असे आणि चिन्नाबाई मांडी घालून टोपली भरत. फुलं गच्चीवर वाळवून, भाजून, तिळाबरोबर कुटून त्यांनी लाडू केले. मला चार पाठवले. चढणार तर नाही ना, असं मी विचारलं तेव्हा नवरा-बायको दोघंही हसत सुटले.

पुढे फुलं कमी झाली. मग आणखी कमी. पडत तीही स्कूटरच्या चाकाखाली चिरडत आणि आंबूस वास सुटे, म्हणून झाडच तोडा, असाही अर्ज माझ्याकडे आला. शेंड्याच्या फांद्यांना पालवी फुटेना. सोमाजीभाऊ बादल्यांनी पाणी घालू लागले. मी कामावर निघताना बघत असे, ते बादली ओतत आणि पाणी गट्टूंवरून सरळ वाहत जाऊन नालीत पडे. एक दिवस बादली उपडी घालून ते तिच्यावर बसले होते आणि नालीकडे जाणाऱ्या पाण्याकडे बघत होते.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. चहा नको म्हणाले. मी म्हटलं, हवा बदलली, कोळशाची धूळ, गरमी केवढी वाढली, त्यात तुमचा काय दोष. त्यांनी मान हलवली.

"गावात आमी तं दरसाल मोहाखालचा पाला जाळत होतो बाई, फुलं वेचाले सोपं जाते म्हणून. थे बी चुकीचंच. कधी कधी आग पार जंगलात जाये. पण पुढच्या साली पाला पुन्हा पडे, किडामुंगी त्याले खाये, माती पुन्हा होये. जळालेली माती उठते. झाकलेली कशी उठन? इथी तं पाल्याले पडाले बी जागा ठेवली नाई मी."

आणि मग म्हणाले की चिन्नाबाई त्यांना एका शब्दानं काही बोलल्या नाहीत. भांडली असती तर बरं झालं असतं. रोज सकाळी रिकामी टोपली घेऊन जाते, झाडाला हात लावते आणि परत येते. ते गट्टू काढून द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. मला त्या माणसाची दया आली आणि वैतागही आला, कारण स्वतःच मागितलेली गोष्ट आता उखडायची म्हणजे समितीत माझी शोभा होणार.

तेव्हापासून त्यांनी घंटागाडी गाठायला सुरुवात केली. तक्रारी फार झाल्या तेव्हा मी त्यांना समज द्यायला मागच्या अंगणात गेले. ढीग माझ्या कमरेएवढा होता. त्यांनी त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून मूठभर काढून माझ्यापुढे धरली. मी श्वास रोखून धरला होता, पण घाण काही येईना. काळीभोर, ओलसर, भुसभुशीत माती होती ती, आणि तिच्यातून एक गांडूळ लोंबकळत होतं. आमच्या इथे राहायला आल्यापासून मला दिसलेलं ते पहिलं गांडूळ. जागा भेटली की हे सगळं मोहाले टाकतो, असं ते म्हणाले. जागा मिळण्याचं नाव नव्हतं आणि हा माणूस माती तयार करून बसला होता.

शेवटी बैठक घेतली. वाद अपेक्षेप्रमाणेच झाला. गट्टू काढले तर पुन्हा चिखल, पुन्हा पाला, आणि मडावींच्या लहरीप्रमाणे लेआउट चालायचा का? शिवाय मोहाच्या उगवतीच्या बाजूला वांढरे साहेबांची मोटार उभी राहत असे. त्यांच्या घराला गाडी ठेवायला जागा नव्हती आणि सावली सोडायला ते तयार नव्हते. दोन तास डोकं पिकल्यावर मी तोडगा काढला: झाडाच्या मावळतीकडचे गट्टू काढायचे, उगवतीकडचे राहू द्यायचे. म्हणजे अर्धा गोल मोहाला, अर्धा मोटारीला. टाळ्या पडल्या. बँकेतल्या नोकरीत इतका सुरेख समेट मी कधी घडवला नव्हता, असं मला वाटलं.

सोमाजीभाऊ मागच्या खुर्चीवरून उठले.

"तुमी मोहाची हाफ टिकट काढली बाई."

सगळे हसले, मीही हसले. म्हटलं, भाऊ, म्हातारं झाड आहे, म्हाताऱ्यांना हाफच असते. त्यावर ते हसले नाहीत. प्रवाशाशी बोलावं तसं आवाज न चढवता म्हणाले, "तुमी बाया बी आता हाफमधी जाता ना एसटीनं? मंग अर्ध्या सीटवर बसता काय? हाफ टिकट असली तरी सीट पूरी द्या लागते."

पण ठराव झाला होता, लोकांना जेवायला जायचं होतं, आणि बैठक उठली. मीही उठले. वांढरे साहेबांशी आणखी वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, हातात घेतली. गट्टूंखाली गिट्टीचा चुरा, चुऱ्याखाली रोलरनं दाबलेला मुरूम, आणि त्याच्याखाली जी काही माती उरली होती ती भाजलेल्या विटेसारखी. सब्बल तिच्यावर आपटली की खणकन आवाज येई. त्यांना लवकरच धाप लागली. मजूर लावा म्हटलं तर ऐकेनात. अखेर घंटागाडीचा तो ड्रायव्हर, ज्याच्याशी रोज कटकट चाले, ड्यूटी संपवून आला आणि दुसरी सब्बल घेऊन खणू लागला. मुळं दिसू लागली की दोघं हातानं माती उकरत. मग अंगणातला सगळा ढीग घमेल्याघमेल्यानं त्या अर्ध्या गोलात आला. त्यावर पाला. पाणी घातलं तेव्हा ते नालीकडे गेलं नाही. ते मुरताना बघायला सोमाजीभाऊंनी चिन्नाबाईंना हाताला धरून आणलं. दोघं किती तरी वेळ तिथे बसून होते.

फुलं बघायला मात्र ते राहिले नाहीत. थंडीत छातीत कफ भरला, दवाखान्यात नेलं, आणि तिथूनच गेले. मी भेटायला गेले होते तेव्हा खाटेभोवती नातेवाइकांची गर्दी होती. मला बघून त्यांनी सवयीनं हात हलवला आणि सगळ्यांना म्हणाले, सरका, बाईले जागा करा. त्यांचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं ते. बाहेर आल्यावर मला फार रडू आलं.

आता त्या मोहाची हकिकत सांगते. उगवतीकडची बाजू वाळली. त्या फांद्यांवर पालवीही नाही आणि सावलीही नाही, तरी मोटार अजून तिथेच उभी असते, सवयीनं. मावळतीकडची बाजू यंदा फुलली. भरभरून नव्हे, पण फुलली. घंटागाडीचा ड्रायव्हर अजूनही पाल्याची चुंगडी झाडाखाली उतरवून जातो, त्याला कोणी सांगितलेलं नाही.

परवा पहाटे फिरायला निघाले तर चिन्नाबाई त्या अर्ध्या गोलात वाकून फुलं वेचत होत्या. पाल्यात बोटं घालायची, फूल शोधायचं, टोपलीत टाकायचं. गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा पुढे सरकायचं. टोपलीचा तळही झाकला नव्हता. मला बघवेना. म्हटलं, चिन्नाबाई, थांबा, झाडू आणते. पाला एका बाजूला लोटून देते, मग सोपं जाईल तुम्हाला.

त्यांनी वर बघितलं.

"नोका लोटू, बाई. त्यायनं आणलेला पाला हाये."

वांढरे साहेबांच्या मोटारीवर एकही फूल पडलेलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं, माझ्या सुरेख समेटाकडे बघितलं आणि आपण त्या रात्री आणखी थोडं भांडायला हवं होतं, असं मला वाटलं. पुढच्या बैठकीत भांडणार आहे. तेव्हा मात्र मी चपला काढल्या आणि चिन्नाबाईंच्या शेजारी खाली बसले. त्या थोड्या सरकल्या. पाला न हलवता फुलं वेचायला फार वेळ लागतो.