लिंबू फुटेना

दसऱ्याच्या सकाळी जीप धुऊन आणतो म्हणून बाबा एकटेच गेले, तेव्हाच माझं डोकं फिरलं. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम काही महिने झालेले. त्यात पूजा झाली की आईला शेजारी बसवून कर्नाळ्याला जायचा हट्ट. गोवा हायवे, सणाची गर्दी आणि गाडी माझ्याहून म्हातारी!

तरी आदल्या दिवशी ब्रेक मीच सेट केले होते, बाबांनी शिकवलेल्या पद्धतीनं. आधी चाकं जॅकवर उचलायची, ड्रमच्या आतले लायनर घासेपर्यंत आवळायचे, मग जरासे सैल सोडायचे. पेडल सगळ्यात शेवटी. त्याला वरच्या वर थोडी मोकळी चाल हवीच. ती नसली तर दाबलेलं ऑइल मागे फिरत नाही आणि पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच राहतो. "पेडल खोल जातंय म्हणून जो पेडलमागचा रॉड वाढवतो तो मेकॅनिक नव्हे, यम," हे बाबांचं वाक्य ऐकतच मी मोठी झाले.

बाबा परत आले ते घामाघूम. "आज जरा जड ओढतेय," एवढंच म्हणाले. सुकापूरच्या आमच्या बिल्डिंगखाली हार चढला, नारळ फुटला, आईनं चाकांखाली लिंबं ठेवली. बाबांनी गिअर टाकून क्लच सोडला. जीप थरथरली आणि बंद पडली. पुन्हा तेच.

"लिंबू फुटला नाय," आई पुटपुटली. तिच्या बोलण्यात अजून उरण आहे. "अपशकुन हाय. नको जायला."

"अपशकुन कसला डोंबलाचा!" मी खाली बसून चाकाला हात लावला आणि चटका बसला. ड्रम तव्यासारखा तापलेला. हायवेवर, मागे कंटेनर असताना, चाकं अशी धरली असती तर?

पेडलखाली डोकं घातलं. मी ठेवलेली चाल गायब. रॉड वाढवलेला, नटावर पान्याचे ताजे ओरखडे.

"बाबा, हे तुम्ही केलंत? तुम्ही? अहो, आईला घेऊन जाणार होतात ना!" मी ओरडत होते. गॅलऱ्यांमधून लोक बघायला लागले. बघेनात का.

मी रॉड परत आत घेतला, तशी चाकं सुटली. "दाबा आता," म्हटलं.

त्यांनी पेडलवर पाय ठेवला. ते थोडं गेलं आणि थांबलं. गुडघा पुरता सरळ होईना. मग त्यांनी मांडीवर हात ठेवला आणि हातानं पाय पुढे रेटला.

म्हणून त्यांना ब्रेक वरच्या वर लागायला हवा होता. माझा राग कुठल्या कुठे गेला, रडूच यायला लागलं.

"सांगायचं ना, बाबा."

"सांगितलं असतं तर किल्ली काढून घेतली असतीस."

खरंच होतं ते. घेतलीच असती.

ते उतरले, वळसा घालून पलीकडच्या सीटवर बसले. ती लग्नापासूनची आईची जागा. आई मागे चढली. मी स्टिअरिंगमागे बसून क्लच सोडला.

"फुटला बघ," आई मागून म्हणाली.

पुढे कर्नाळ्यापर्यंत मी ब्रेक दाबला की बाबांचा हात मांडी रेटत होता.