शेरूला बसमध्ये चढवताना

माझ्या चुलतबहिणीला दिसत नाही, म्हणून तिला सांभाळून आणायला घरच्यांनी दिसणारा माणूस पाठवला. तो मी. (चूक तिथेच झाली!)

सुलभा बंगळुरूला नोकरी करते. वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला, शेरूला घेऊन ती पहिल्यांदाच डिचोलीला घरी निघाली होती.

"दादा, आज काही विपरीत झालं, तर आई मला पुन्हा एकटीला सोडायची नाही हं," म्हापशाच्या स्टँडवर भेटताच तिने बजावलं. मी शेरूपासून दोन हात लांब सरकलो. (कुत्र्यांना मी भितो, हे तिला ठाऊक नव्हतं.)

त्यात शुक्रवारचा बाजार! डिचोलीची बस सुटायच्या बेतात आणि कंडक्टर दारात आडवा.

"कुत्रो घेवन चडूक मेळाचा नाय! कोणाक चावलो तर?"

"अहो, तो शिकवलेला आहे!" सुलभाने समजावलं.

"माका शिकवू नको!"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. गर्दी जमली. सुलभाची पट्ट्यावरची मूठ घट्ट झाली. तेवढ्यात शेजारी टोपली घेऊन बसलेली भाजीवाली ताडकन उठली.

"अरे, तिचे डोळे ते! डोळे हंय ठेवन जाव काय ती?"

खिडक्यांतून माना बाहेर आल्या. "घे रे त्यांका!" "चडूं दी!" कंडक्टर डोकं खाजवत बाजूला झाला.

आता फक्त चढायचं! पण शेरू दोन पावलं चालला आणि सुलभाच्या आडवाच उभा राहिला. हलेचना! बस घुरघुरू लागली.

"चल रे बाबा, अब्रू घेतोस काय!" मी भीती विसरून पट्टा ओढला.

"सोड दादा! तो थांबलाय म्हणजे पुढे काहीतरी असणार."

"काही नाही गं! हे बघ..."

सुलभाला 'बघ' म्हणणारा मी पुढच्याच पावलाला फरशी निखळलेल्या गटारात कमरेपर्यंत उतरलो!

अख्खी बस हसली. कंडक्टरने मला वर ओढलं आणि शेरूला वळसा घालू देत सुलभासाठी पुढची सीट रिकामी करवली.

"ये गो बाय, बस. शेरूक पायांकडे जागा आसा."

मीही मागोमाग पायरीवर पाय ठेवला.

"तू खंय? ह्या वासात? मागल्या बशीन ये!"

बस सुटली. "दादा, जपून ये हं!" खिडकीतून सुलभा ओरडली.

भाजीवालीने मला आपादमस्तक न्याहाळलं, उसासा सोडला आणि ती माझा हात धरून मला नळाकडे नेऊ लागली.

"सांभाळून हां," ती म्हणाली, "हंय पायरी आसा."