मादाम क्वेनोंचा कान

गिलेन क्वेनो आमच्या संस्थेत सत्तावीस वर्षं उच्चार शिकवत होती. फ्रान्समधल्या दोलसारख्या लहान गावात परदेशी मुलं येतात ती या संस्थेमुळेच. वर्षभर फ्रेंच शिकायचं, जूनमध्ये परीक्षा द्यायची आणि मग एखाद्या मोठ्या शहरात आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अभ्यासक्रमाला जायचं, असा बहुतेकांचा बेत असतो. मी तिथल्या कार्यालयात नोंदणीचं काम बघते. मुलं पहिल्या दिवशी कागद घेऊन माझ्यासमोर बसतात आणि शेवटच्या दिवशी निकाल न्यायला येतात. मधले दिवस ती गिलेनच्या ताब्यात असत.

मुलं तिला घाबरून असायची. ती वर्गात मागच्या भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायची आणि कोणाची जीभ कुठे लागते आहे ते सांगायची. एकदा दोन पोलिश मुलांनी गंमत म्हणून एकमेकांच्या नावावर वाचलं. तिनं डोळे न उघडताच म्हटलं, "जागा बदलून बसा आता. आवाज बदलता येत नाही." ही गोष्ट आम्ही दरवर्षी नवीन मुलांना सांगायचो.

तिचं बिनसायला नेमकं कधी सुरुवात झाली ते मला सांगता येणार नाही. जेवणाच्या सुट्टीत ती आमच्या टेबलावरून उठून कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ करून बसायला लागली. शिक्षकांच्या खोलीत फोन वाजत राहायचा आणि ती शेजारीच वह्या तपासत असायची. "हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात," असं ती वरचेवर म्हणायची आणि आम्हीही माना डोलवायचो, कारण आम्हालाही तसं वाटायचं. एकदा मी विचारलं, "तुझी बहीण कशी आहे गं?" तर म्हणाली, "फ्रिजमध्ये ठेवलीय, उद्या खाईन." सगळे हसले. तीही हसली, पण आमच्या चेहऱ्यांकडे बघून, जरा उशिरा.

त्या दिवशी मी तिला जिन्यात गाठलं. "गिलेन, एकदा कान दाखवून घे."

"नादीन," ती म्हणाली, "ही संस्था माझ्या कानावर उभी आहे. तू तुझ्या फायली बघ."

मी पुन्हा विषय काढला नाही. काढायला हवा होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्राम आली. तेवीस वर्षांची, व्हिएतनामची. दक्षिणेतल्या बेन त्रे गावात तिची मावशी नारळाच्या वड्या बनवायचा छोटा कारखाना चालवायची. वड्या पॅरिसपर्यंत पोचायच्या, पण वेगळ्याच कोणाच्या तरी नावाने. त्रामला तो धंदा स्वतःच्या नावाने करायचा होता. लियाँच्या एका व्यापारशाळेनं तिला जागा देऊ केली होती, मात्र एका अटीवर: तोंडी फ्रेंचमध्ये वीसपैकी बारा गुण हवेत आणि निकाल तीस जूनपर्यंत पोचायला हवा.

व्हिएतनामी मुलांची एक अडचण सगळ्यांना ठाऊक असते. शब्दाच्या शेवटी येणारे स, श, फ त्यांच्या तोंडातून बाहेर पडत नाहीत, गिळले जातात. व्यापार शिकणाऱ्याला हे फार नडतं. फ्रेंचमध्ये भाव वाढला की ‘ओस्’ म्हणायचं आणि घसरला की ‘बेस्’. तो स गेला तर नुसतं ‘ओ’ आणि ‘बे’ उरतं आणि समोरचा तोंडाकडे बघत राहतो. त्राम आली तेव्हा तिचं असंच होतं.

गिलेनचा तिच्यावर जीव जडला. वर्ग संपल्यावर आठवड्यातून तीनदा ती तिला थांबवून घ्यायची. मी खिडक्या बंद करायला जायची तेव्हा आतून ऐकू यायचं, "शेवट कुठे गेला? गिळलास. परत." त्राम तक्रार करायची नाही. कालव्याच्या काठाने चालताना ती दुकानांची जाहिरातपत्रकं मोठ्यानं वाचायची. तिच्या घरमालकिणीनं मला सांगितलं होतं, "पोरगी भांडी घासतानासुद्धा सापासारखी फुसफुसत असते." वसंत ऋतू येईतो तिचा स जागेवर बसला होता. तो मला ऐकू येत होता. गिलेनला नव्हता, आणि ती आणखी मेहनत करून घेत होती. हे मला नंतर उमगलं.

तोंडी परीक्षेला दोन परीक्षक असतात. त्या जूनमध्ये दुसऱ्या बाई पाठदुखीनं अंथरुणाला खिळल्या. आमचे संचालक, मस्यू ब्रने, म्हणाले, "क्वेनोबाईंचा एक कान दोघांच्या बरोबरीचा आहे. शिवाय ध्वनिमुद्रण होतंच." त्राम खोबऱ्याच्या भावांवर बोलली. पंधरा मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते आणि ती हसत होती. बावीस जूनला मी निकाल टंकित केले. तिला दहा होते.

ती कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"मादाम, यात ‘शेवटची व्यंजनं अनुच्चारित’ असं लिहिलंय."

"हो."

"मी म्हटली होती. प्रत्येक."

"मग अर्ज कर. संचालकांना दोन ओळी लिही, ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकतील. लियाँची तारीख तीस आहे ना?"

ती मान हलवत राहिली. "त्यांनीच मला शिकवलं. त्यांना ऐकू आलं नाही म्हणजे मी म्हटलं नसणार. त्यांच्याविरुद्ध कसं लिहू?"

मी तिला दोनदा समजावलं. दोन्ही वेळा ती "विचार करते" म्हणाली. आठवडा तसाच गेला. एकोणतीस तारखेला माझं मन थाऱ्यावर राहीना, तेव्हा नियम बाजूला ठेवून मी ते ध्वनिमुद्रण स्वतः ऐकलं. ओस्. बेस्. भावाची ओस्. सगळे शेवट जागच्या जागी होते, कपड्याला लावलेल्या नव्या बटणांसारखे. मी हेडफोन काढून ठेवले. गिलेनला सांगायचं कसं, हे काही सुचेना. ब्रनेंकडे सरळ जाता आलं असतं. पण सत्तावीस वर्षं एकत्र जेवलेल्या बाईला दुसऱ्याकडून कळावं हे मला बरं वाटलं नाही. म्हणून मी आधी तिच्याकडे गेले, आणि त्यात तो दिवस गेला.

ती रिकाम्या वर्गात होती. मी काही न बोलता हेडफोन तिच्या हातात दिले. तिनं ऐकलं, मग आवाज वाढवला, मग पूर्ण वाढवला. मला दारापाशी ऐकू येत होतं.

"नाही म्हणत ती," गिलेन म्हणाली.

"म्हणते गं."

"तुला दया येतेय तिची."

"गिलेन, मी इथून ऐकतेय."

ती उठली, खिडकीशी गेली. मग वळून म्हणाली, "बोलव तिला."

त्राम आली ती घाबरूनच. गिलेननं तिला खुर्चीवर बसवलं आणि आपल्या हाताची मागची बाजू तिच्या ओठांपुढे धरली. "म्हण. भाव वाढल्याला काय म्हणतात?"

"ओस्."

"परत."

"ओस्."

त्या ‘स’ची हवा गिलेनच्या हातावर लागली असणार. तिनं हात तसाच धरून ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "परत," ती म्हणाली. त्रामनं पुन्हा म्हटलं. गिलेन कितीदा म्हणायला लावणार, असं मला वाटायला लागलं. शेवटी तिनं हात मागे घेतला, स्कर्टवर पुसला आणि म्हणाली, "तू मार्चपासून बरोबर म्हणते आहेस का?"

त्राम खाली बघत होती. "फेब्रुवारीपासून, मादाम."

गिलेन तडक ब्रनेंच्या खोलीत गेली. मी मागोमाग. ब्रने वाईट माणूस नव्हेत, पण त्यांना आधी संस्थेचं नाव दिसलं. "पाठदुखीवाल्या बाईंना घरी ध्वनिमुद्रण पाठवू, गुण दुरुस्त होतील. कारण लिहायची गरज नाही," ते म्हणाले.

"कारण लिहायचं," गिलेन म्हणाली.

"मादाम क्वेनो, तुम्हाला कळतंय का? मागच्या सगळ्या परीक्षा उकरल्या जातील."

तिला ते नीट ऐकू आलं नसावं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तेच वाक्य सावकाश सांगितलं. "उकराव्यातच," ती म्हणाली, आणि टेबलावरचा कागद ओढून उभ्याउभ्याच लिहायला लागली.

नवे गुण आले चौदा. पण ते हातात पडले तेव्हा दोन जुलै उजाडला होता.

लियाँला फोन करून काही झालं नाही, म्हणून पाच तारखेला गिलेन त्रामला घेऊन स्वतः गेली. मला रजा होती, मीही गेले. गाडीत दोघी समोरासमोर बसल्या आणि सगळा वेळ बाहेर बघत होत्या. व्यापारशाळेत काचेमागे एक तरुण मुलगी बसली होती, अगदी हळू बोलणारी. वरचा पंखा घरघरत होता. गिलेननं आपलं सगळं सांगितलं, स्वतःच्या कानासकट. मुलगी काहीतरी बोलली. गिलेनला कळेना. ती काचेला नाक लावून "काय? काय म्हणालात?" करू लागली. रांगेतली मुलं बघायला लागली.

तेव्हा त्राम तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि काचेमागचा प्रत्येक शब्द तिला तोंडासमोर, मोठ्यानं, शेवटच्या अक्षरासकट सांगू लागली. "त्या म्हणतात, यादी तीस तारखेला बंद झाली. त्या म्हणतात, माझी जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली. त्या म्हणतात, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा." स्वतःचा नकार ती पोरगी दुसऱ्या कोणाचा निरोप सांगावा तशी सांगत होती. तिचा राहण्याचा परवाना ऑक्टोबरात संपत होता, पुढचं वर्ष तिच्या हाती नव्हतं.

बाहेर आल्यावर गिलेन म्हणाली, "त्राम, माझी चूक."

"हो, मादाम," त्राम म्हणाली. एवढंच. ती रागानं बोलली नाही, पण नाही म्हणायचं सौजन्यही तिनं दाखवलं नाही. मला वाटतं ते योग्यच होतं.

पुढे ब्रनेंनी धावपळ करून त्रामला एका आडगावच्या सरकारी विद्यालयात दोन वर्षांच्या साध्या पदविकेला जागा मिळवून दिली. आंतरराष्ट्रीय व्यापारच, पण शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या अठरा वर्षांच्या मुलांसोबत. परवाना वाचला. ती सामान घेऊन गेली तेव्हा मला भेटून गेली, गिलेनला नाही.

गिलेननं त्याच उन्हाळ्यात निवृत्ती घेतली. कानाच्या डॉक्टरनं सांगितलं की बारीक, वरच्या पट्टीचे आवाज निदान चार वर्षांपासून गेलेत. स, श, फ आधी जातात. ते ऐकल्यावर ती माझ्याकडे आली आणि ज्यांना तिनं शेवटच्या अक्षरांपायी कमी गुण दिले त्या सगळ्यांची यादी मागितली. एकतीस नावं निघाली. ध्वनिमुद्रणं आम्ही एकच वर्ष ठेवतो, त्यामुळे त्यातल्या नऊ जणांचीच सापडली. नव्या शिक्षिकेनं ती ऐकली. चौघांवर अन्याय झाला होता. बाकीच्या बावीस जणांचं काय झालं होतं, हे आता कोणालाच कळणार नाही. गिलेननं एकतीसही जणांना हातानं पत्रं लिहिली. पाच परत आली, पत्ते बदलले होते. एका बाईनं उत्तरात लिहिलं की ती तेव्हाच मायदेशी परतली आणि तिचं लग्न झालं. आता या पत्राचं तिनं काय करावं ते गिलेननंच सांगावं. गिलेननं ते मला वाचायला दिलं आणि मी परत दिल्यावर घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

तिनं कानात यंत्रं बसवून घेतली. त्यातून सगळं ऐकू येतं, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं, असं ती म्हणते.

गेल्या महिन्यात त्राम कार्यालयात आली. आमच्याकडच्या जुन्या दाखल्याची प्रत हवी होती. पदविका झाली आहे, दिजाँजवळ मसाले आयात करणाऱ्या एका कंपनीत ती दिवसभर फोनवर बोलते. काम बरं आहे म्हणाली. केस कापले होते, बारीक झाली होती.

"आई खूश असेल."

"आईला अजून वाटतं मी लियाँला शिकले," ती म्हणाली. "गावात सगळ्यांना तेच सांगितलंय. आता मोडता येत नाही."

मी दाखल्यावर शिक्का मारला. "मादाम क्वेनो इथेच आहेत, पुलापलीकडे. दहा मिनिटं चालायचं."

"माहीत आहे मला," त्राम म्हणाली. "आज नको."

शनिवारी गिलेन मला बाजारात भेटली, भाजीच्या गाड्यापाशी. कोणीतरी तिला आधीच सांगितलं असावं.

"ती आली होती म्हणे."

"हो."

"माझ्याकडे आली नाही."

"नाही."

तिनं कांद्याच्या पातीची एक जुडी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि पिशवीत टाकली. "बरोबर आहे तिचं," ती म्हणाली.