हे कुणालाही सुचलं असतं

'हे कुणालाही सुचलं असतं' असं कुणी म्हटलं की अण्णा खुर्चीतून उठत. "मग तुम्हाला का नाही सुचलं?" एवढंच विचारत, आणि उत्तराची खरोखर वाट बघत. अण्णा पेटंटची कामं करणारे वकील, घरची भाषा कानडी; बोलताना मध्येच एखादा कानडी शब्द येई. शिवाजीनगरात छापखान्याच्या माडीवर त्यांची कचेरी होती. साठच्या दशकात मी तिथं टायपिस्ट होते.

जवळच्या वर्कशॉपमधला फिटर देवोजी त्यांच्याकडं आला. बंद भांड्यातली हवा उपसून थोडा वायू सोडायचा, त्यातून वीज न्यायची. वायू जांभळा पेटतो आणि आतल्या धातूच्या भागांवरचा तेलकट थर निघून जातो. त्या पेटलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात, हे देवोजीला अण्णांनीच सांगितलं. रीत जुनी होती, पण नाजूक भाग तापून वाकडे होत. देवोजीनं वीज सलग न देता तोडून तोडून दिली. भाग सरळ राहिले.

एका मोठ्या कारखान्यानं पेटंटला हरकत घेतली. तापलं तर वीज बंद करायची, यात शोध कसला? देवोजी हरला असता, तर ते तीच रीत फुकट वापरणार होते. मलाही हरकत पटली, तसं मी बोलूनही गेले. त्या दिवशी मात्र अण्णा उठले नाहीत.

"शांता, उत्तर कळल्यावर सगळंच सोपं दिसतं. ते कळायच्या आदल्या दिवशी जाऊन बस, मग सांग."

मग आठवडाभर ते लायब्ररीत जुनी जर्नलं चाळत राहिले.

कलकत्त्याच्या सुनावणीला कागद सांभाळायला मी बरोबर गेले. कारखान्याच्या तज्ज्ञापुढं अण्णांनी त्याचाच जुना लेख ठेवला. "वाचा. स्वल्प, जरा मोठ्यानं."

वीज मध्ये तोडू नये, निघालेली घाण परत बसते, असं त्यात छापलं होतं.

"तुम्हीच नको म्हणालात," अण्णा म्हणाले. "शिकलेल्या सगळ्यांनी तुमचं ऐकलं. या देवोजीनं ऐकलं नाही. मग हे उघड कसं?"

तज्ज्ञानं चष्मा काढून पुसला.

पेटंट मिळालं. त्यानंतर त्याच कारखान्यानं अण्णांना आपली सगळी कामं देऊ केली. कचेरीत तेव्हा दुसरं मोठं काम नव्हतं. अण्णांनी मला बोलावलं. "लिही, नको. बाकीचा मजकूर तू घाल."

मी मायना टाइप केला, खाली 'नको' टाइप केलं आणि कागद सहीला ठेवला. अण्णांनी तो दोनदा वाचला.

"सरी," म्हणाले, म्हणजे ठीक, आणि सही केली.