चुकल्यावर बोलणारा पंप

माझ्या नवऱ्यानं इंजिनिअरिंगच्या मुलांना पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चाक, डिझाईन करायला शिकवण्यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. पाणी किती, चढवायचं किती उंच, चाक फिरणार किती वेगानं, पाती किती आणि कोणत्या कोनात, एवढं भरलं की पडद्यावर चाक काढून मिळायचं. आम्ही दोघं एकाच कॉलेजात हाच विषय शिकवायचो. शिकलोही एकाच वर्गात, त्यामुळं मी त्याला कधी अहो म्हटलं नाही. सासूबाईंना ते अजून खटकतं.

तो उचगावचा, बोलणंही तिकडचंच. मूल चुकलं की लाल अक्षरांत इंग्रजी झाडणारी सॉफ्टवेअरं त्याला आवडायची नाहीत. "पोरं बिचकत्यात. आपल्या भाषंत हाणलं की बरोबर कळतंय," म्हणायचा. मी आकडे भरले की मात्र खाली एवढंच उमटायचं, 'बरं हाय.' घरी तांबडा रस्सा कितीही जमू दे, शेरा तोच. उभ्या संसारात त्यानं याच्यावर एक शब्द जास्त दिला नाही, आणि त्यावरून मी पुष्कळ भांडले.

गेल्या वर्षी तो गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

सुतक फिटल्यावर मी प्रॅक्टिकल घ्यायला गेले तर लॅबमध्ये हशा. मला बघून एका मुलीनं घाईनं पडद्यावर हात ठेवला. मी तो बाजूला केला. खाली उमटलं होतं, 'पावणं, पाणी उलटं चाललंय. पंचगंगा डोंगरावर न्हेताय व्हय?'

मी ते पुन्हा वाचलं. हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"सरांनी असलं लई लिवलंय, मॅडम," ती हळूच म्हणाली. "चुकलं की येतंय."

मी कधी चुकलेच नव्हते. विषय येत होता ना मला! त्या दिवसापासून मला त्या मुलांचा हेवा वाटायला लागला.

यंदा विभागानं नवीन कॉम्प्युटर आणि नवीन सॉफ्टवेअर घेतलं. त्यात पाणी रंगीत वाहताना दिसतं. वाईट नाही, चांगलंच आहे. पण जुनी मशीनं दसऱ्यानंतर जाणार, आणि नव्यांवर त्याच्या मराठीचे नुसते चौकोन उमटतात, कारण फॉन्ट जुना. त्याच मुलीनं बरीच खटपट केली, जमलं नाही. वहीत उतरवून घ्या, असं सहकारी म्हणाले. पण वहीतलं वाचताना तो मलाच बोलतोय असं थोडंच वाटणार?

खंडेनवमीला लॅबमध्ये पूजा झाली. कॉम्प्युटरांनाही झेंडूचे हार घातले. पूजेनंतर त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नसतो. सगळे पेढे घेऊन गेल्यावर मी लावला.

पाती भरमसाट टाकली. 'पाती हायत का केळीचा घड?' पाणी शिरायचं तोंड बारीक केलं. 'एवढ्याशा भोकातनं जाणार व्हय? दार मोठं करा की.' मी हसत होते आणि डोळे गळत होते. कोन उलटा केला, उंची भलतीच घातली. तो बोलत राहिला. त्याच्याकडून इतकं ऐकून घ्यायची माझी पहिलीच वेळ.

मग वेगाच्या जागी शून्य टाकलं. चाकच थांबलं तर काय म्हणशील, एवढंच मला विचारायचं होतं.

काही आलं नाही. प्रोग्राम गपकन बंद पडला. तिथं त्यानं काही लिहिलंच नव्हतं. चाक थांबेल असं त्याच्या मनातच आलं नसणार.

मग मी प्रोग्राम पुन्हा चालू केला आणि सगळे आकडे बरोबर भरले.

'बरं हाय.'

या वेळी मी भांडले नाही. हार सरळ केला आणि मशीन बंद केलं.