खोळकाकांचा फ्रीजर

माझ्या आत्याच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या आतोबांना, सगळी गल्ली पाठीमागे खोळकाका म्हणते. त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून त्याचा अभिमानच आहे. त्यांच्या घरात टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, सोफ्याला खोळ आणि त्या खोळीवर धूळ बसू नये म्हणून वर प्लॅस्टिक. रिमोट इतका घट्ट गुंडाळलेला की आवाज वाढवायला जावं तर चॅनल बदलतो. जन्मभर त्यांनी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. कुणी नवा पाना मागायला आलं की हे जुनाच पुसून हातात ठेवायचे. वस्तू वापरायची असते, हे त्यांना नोकरीत कुणी सांगितलं नाही आणि आता सांगून उपयोग नाही.

आत्या आइस्क्रीम फार सुंदर करते. आम्ही नातेवाईक वर्षानुवर्षं ते बोटं चाटत फुकट खात आलो आणि भांडी तिलाच घासायला ठेवत आलो. यंदा प्रथमच तिला बाहेरचं काम मिळालं. शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या, त्यांच्या निरोपाचं आइस्क्रीम. त्यासाठी तिनं हट्ट करून उभा फ्रीजर घेतला. आतोबा म्हणाले, "कर हौस. एकदा फसलं की हे खूळ कायमचं बंद. मग फ्रीजरही विकून टाकू."

फ्रीजर आला आणि आठवडाभर मुकाट्यानं चालला. मग शिंप्याकडून त्याची खोळ आली. आत कापूस, वर जाड कापड, दाराला चेन. पाठसुद्धा झाकलेली, कारण आतोबांच्या मते धूळ नेहमी मागूनच हल्ला करते. खोळ चढली आणि फ्रीजरचं बिनसलं. कॉम्प्रेसर घुर्र करून सुरू व्हायचा, थोडा वेळ चालायचा आणि टक् करून बंद पडायचा. आत्याचा पहिला घाणा मऊ पडला, पुन्हा गोठला आणि त्यात बर्फाचे खडे झाले. तिनं तो मोरीत ओतला.

आता आतोबांच्या अंगात इंजिनिअर संचारला. त्यांनी खोळ काढली, प्लगची पिन घासली, खोळ काढल्यामुळे तोवर थंड झालेला कॉम्प्रेसर चालू झाला. "बघ! पिनच खराब होती," म्हणत त्यांनी खोळ पुन्हा चढवली. थोड्या वेळानं टक्. मग खोळ काढून त्यांनी पायाखाली पुठ्ठा सारला, कारण फरशी तिरकी असल्याचा त्यांना साक्षात्कार झाला होता. पुन्हा चालला, पुन्हा खोळ, पुन्हा टक्. मग कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले बदलला. मग विजेच्या दाबावर खापर फोडलं. दुखणं म्हशीला नि इंजेक्शन पखालीला! आणि प्रत्येक वेळी चेन लावताना चेहरा असा, जणू ऑपरेशन करून बाहेर आलेत.

मी मागून खोळीत हात घातला, तर हात भाजायचाच बाकी होता.

"आतोबा, अहो त्याला गरम होतंय. पाठीची जाळी उघडी ठेवा. गरम झाला की तो आपणहून बंद पडतो."

"तू कालची पोर, मला मशीन शिकवतेस? झाकलेली वस्तू टिकते."

"टिकते कसली, चालतच नाहीये!"

"चालण्याचं नंतर बघू," आतोबा म्हणाले.

हे ते खरंच म्हणाले. आत्या ओट्यापाशी दूध आटवत होती. दुसऱ्या दिवशी निरोपसमारंभ होता आणि हा तिचा शेवटचा घाणा होता. हा फसला असता तर पुन्हा तिला कुणी विचारलं नसतं, आणि आतोबांनी ते आयुष्यभर ऐकवलं असतं. तिनं गॅस बारीक केला, हात पुसले, नवऱ्याला कोपरानं बाजूला सारलं आणि खोळ टराटरा उसवून काढली. फ्रीजर भिंतीपासून पुढे ओढला. थोड्या वेळानं घुर्र झालं. आम्ही सगळे टक्ची वाट बघत उभे राहिलो. ते आलंच नाही.

"रिलेनं काम केलं शेवटी," आतोबा म्हणाले आणि खोळ उचलायला वाकले. आत्यानं तिच्यावर पाय ठेवला.

आइस्क्रीम शाळेत गेलं आणि रिकामे डबे परत आले. मोठ्या बाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं म्हणे. आत्यानं एक डबा घरी ठेवला होता. संध्याकाळी तिनं कपाटावरून लग्नातल्या काचेच्या वाट्या खाली काढल्या. पाहुण्यांसाठी म्हणून आतोबांनी त्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या, त्या एकाही पाहुण्याला दिसल्या नव्हत्या. मग तिनं सोफ्यावरचं प्लॅस्टिक ओढलं, खोळ ओढली. आतला सोफा गर्द हिरवा होता. इतकी वर्षं मी त्या घरात येतेय, मला माहीत नव्हतं.

आतोबा दारात दचकून उभे. "अगं, कोण येणार आहे?"

"आलेय की," आत्या म्हणाली आणि वाटी घेऊन सोफ्यावर बसली.